रेडिएटरचे पाणी जाते कोठे?

दर आठवड्याला रेडिएटरमध्ये पाणी ओतावे लागत असेल, तर ते कोठेतरी गळते आहे हे ओळखावे. आपल्यापैकी बरेचजण डिकीत बाटली ठेवून निभावून नेतात. मग एक दिवस ऐन घाटात इंजिन तापते.

गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. आत दाब असतो, उकळते पाणी तोंडावर उडते. रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरावा आणि सकाळी डागाच्या वर शोधावे. होज पाइपची क्लिप सैल असेल तर आवळावी. पाइप चिरला असेल तर नवाच घालावा. वॉटर पंप गळत असेल तर तो बदलावा लागतो. थेंब दिसत नाही, पण ऑइल दुधट झाले, सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर येतो, तर बहुधा हेड गॅस्केट गेले. अशी गाडी चालवू नये. सांडलेले कूलंट मात्र लगेच धुवावे. ते गोड लागते व विषारी असते, कुत्री-मांजरे चाटतात.