मोबाईलच्या इंटरनेटवर कार्यालयातील संगणक

सकाळी अकरा वाजता एक शेतमजूर स्त्री मुलाच्या जन्माचा दाखला घेण्यासाठी ग्रामपंचायतीच्या कार्यालयात येते. वीज आहे, संगणक सुरू आहे, ग्रामपंचायत अधिकारी आणि संगणक परिचालक दोघेही हजर आहेत. परंतु पडद्याच्या कोपऱ्यात इंटरनेटच्या खुणेवर फुली दिसत आहे. रस्त्याच्या कामात जेसीबीचा दात लागून जमिनीखालची तार तुटलेली असते. ती केव्हा जोडली जाईल हे त्या खोलीतील कोणालाच सांगता येत नाही. बाईची दिवसाची मजुरी बुडते आणि तिला पुन्हा एकदा यावे लागते. वस्तुतः त्याच खोलीत, त्याच क्षणी, दोघातिघांच्या खिशात इंटरनेटची चालू जोडणी असते. ती खिशातून संगणकापर्यंत कशी आणावयाची, एवढाच प्रश्न उरतो.

गावपातळीवरील कारभार गेल्या दहा-बारा वर्षांत किती प्रमाणात संगणकावर गेला आहे, हे पंचायत सदस्यांना व शिक्षकांना सांगावयास नको. पंचायतीचे आराखडे व जमाखर्च २०२० साली सुरू झालेल्या ई-ग्रामस्वराज प्रणालीवर भरले जातात, जन्म-मृत्यूची नोंद ऑनलाइन होते, शिक्षकांची वेतनदेयके ‘शालार्थ’वर आणि शाळेची माहिती ‘यूडायस प्लस’वर जाते. यासाठी गावोगाव ऑप्टिकल फायबर पोहोचविण्याची योजना केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केली व पुढे २०१५ मध्ये तिला ‘भारतनेट’ हे नाव मिळाले. तथापि तार ही अखेर तारच आहे, ती तुटते. अशा वेळी मोबाईल हे दुय्यम साधन न राहता त्या दिवसापुरते मुख्य साधन ठरते.

जावक नोंदवहीसारखे काम

मोबाईलचे इंटरनेट दुसऱ्या यंत्राला देण्याच्या या सोयीला ‘टेदरिंग’ म्हणतात. यात मोबाईल नेमके काय करतो, हे कार्यालयीन कामकाजाची सवय असणाऱ्यास चटकन उमगेल. दूरसंचार कंपनी मोबाईलला इंटरनेटवरील एक पत्ता देते. मोबाईल आपल्याला जोडलेल्या संगणकास स्वतःपुरता एक अंतर्गत पत्ता देतो, बहुधा १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होणारा. संगणकाने केलेली प्रत्येक मागणी मोबाईल स्वतःच्या पत्त्यावरून बाहेर पाठवितो व ती कोणाची होती याची नोंद ठेवतो. उत्तर आले की ती नोंद पाहून ते ज्याचे त्याला देतो. कार्यालयातील सर्व टेबलांची पत्रे एकाच शिक्क्याने बाहेर जावीत आणि आलेली उत्तरे जावक क्रमांक पाहून त्या त्या टेबलावर पोहोचावीत, तसाच हा प्रकार होय. बाहेरच्या जगाला टेबले दिसत नाहीत; दिसते ते एकच कार्यालय. अर्थात, मागणी कोणत्याही टेबलावरून गेली तरी डेटा खर्ची पडतो तो मोबाईलच्या खात्यावर.

ही जोडणी तीन मार्गांनी देता येते : वाय-फाय, ब्लूटूथ आणि यूएसबी केबल. वाय-फाय हॉटस्पॉट सर्वांच्या परिचयाचा असल्याने प्रथम त्याकडेच हात जातो. मात्र लॅपटॉपमध्ये वाय-फाय अंगचेच असते, तर कार्यालयांतील बहुसंख्य टेबलावरील संगणकांत ते नसते; त्यासाठी वेगळे डोंगल विकत घ्यावे लागते. ब्लूटूथचा वेग फार कमी, त्यामुळे त्याचा विचार अन्य इलाज नसतानाच करावा. राहिली केबल. ती मोबाईल चार्ज करण्यासाठी प्रत्येकाकडे असतेच, तिला संकेतशब्द लागत नाही, शेजारच्या दुकानातील कोणी नकळत तीवर जोडला जात नाही, आणि काम चालू असताना मोबाईल चार्जही होत राहतो. टेबलावरील संगणकासाठी यूएसबी केबल हाच पहिल्या पसंतीचा मार्ग मानावयास हवा.

प्रत्यक्ष कृती

प्रथम मोबाईलवर डेटा सुरू करून एखादे संकेतस्थळ मोबाईलवरच उघडून पाहावे. तेथेच ते उघडत नसेल तर संगणकाशी झटापट करण्यात अर्थ नाही. नंतर केबलचे एक टोक मोबाईलला व दुसरे सीपीयूच्या मागील बाजूच्या यूएसबी पोर्टला लावावे. पुढील पोर्ट हाताशी असते खरे, पण ते आतील बारीक तारेने जोडलेले असते आणि वर्षानुवर्षांच्या वापराने सैल झालेले असते. मागील पोर्ट मुख्य पट्टीवरच बसविलेले असल्याने अधिक भरवशाचे असते.

यानंतर मोबाईलच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘नेटवर्क आणि इंटरनेट’ व त्यात ‘हॉटस्पॉट आणि टेदरिंग’ हा भाग उघडावा. काही कंपन्यांच्या मोबाईलवर हाच भाग ‘कनेक्शन्स’ किंवा ‘पोर्टेबल हॉटस्पॉट’ या नावाखाली सापडतो. त्यातील ‘यूएसबी टेदरिंग’ची कळ सुरू करावी. केबल जोडल्याखेरीज ही कळ फिकट दिसते व दाबली जात नाही. अनेकजण येथेच थबकतात आणि आपल्या मोबाईलमध्ये ही सोय नाही असे समजतात. कळ सुरू होताच अर्ध्या-एक मिनिटात विंडोज संगणक मोबाईलला नवे नेटवर्क म्हणून ओळखतो. सी-डॅकने तयार केलेल्या ‘बॉस’सारख्या लिनक्स प्रणालीवर तर मोबाईल सरळ तारेचे नेटवर्क म्हणूनच उमटतो. आयफोन असल्यास ‘पर्सनल हॉटस्पॉट’ सुरू करावा लागतो व विंडोज संगणकावर ॲपलची आज्ञावली आधी बसविलेली असावी लागते.

केबल काढली की कळ आपोआप बंद होते. पुन्हा जोडल्यावर ती पुन्हा सुरू करावी लागते, हे परिचालकाने ध्यानात ठेवलेले बरे.

अडते कुठे

या कामात सर्वाधिक वेळ खाते ती केबल. यूएसबीच्या साध्या केबलमध्ये चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या. बाजारात स्वस्त मिळणाऱ्या काही केबलमध्ये माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात. अशा केबलने मोबाईल चार्ज होतो, चिन्ह दिसते, आणि म्हणून केबल चांगली आहे असा समज होतो. टेदरिंगची कळ मात्र फिकटच राहते. मोबाईलबरोबर आलेली मूळ केबल कार्यालयात जपून ठेवावी, असे सांगण्याचे कारण हेच.

दुसरी अडचण ‘डेटा सेव्हर’ची. डेटा वाचविण्यासाठी ही सोय कोणी सुरू केलेली असेल, तर बहुतेक अँड्रॉइड मोबाईल टेदरिंगला नकार देतात. तिसरी अडचण अगदी उलट दिशेने येते. बंद पडलेल्या ब्रॉडबँडची तार संगणकाला तशीच लावलेली असते. राऊटर चालू असल्याने संगणकाला तीही जोडणी जिवंत वाटते आणि तो मागण्या तिकडेच पाठवीत राहतो. ती तार काढून ठेवली की काम मार्गी लागते.

जुन्या संगणकांत आणखी एक गोष्ट घडते. इंटरनेट आलेले असते, पण शासकीय संकेतस्थळ उघडताना ‘जोडणी सुरक्षित नाही’ असा इशारा येतो. दोष मोबाईलचा समजला जातो. प्रत्यक्षात संगणकातील नाण्याएवढा सेल संपलेला असतो. वीज गेली की संगणकाची तारीख अनेक वर्षे मागे जाते, आणि संकेतस्थळाचे प्रमाणपत्र त्या तारखेला अस्तित्वातच नसल्याने ब्राउझर ते अमान्य करतो. तारीख दुरुस्त केली की इशारा जातो. सीआर २०३२ या क्रमांकाचा सेल किरकोळ किमतीत मिळतो.

बैठी कचेरी, जांभ्याच्या वा काळ्या दगडाच्या जाड भिंती, वर पत्रा, आणि संगणक तिजोरीशेजारच्या कोपऱ्यात, ही मांडणी ओळखीची आहे. त्या कोपऱ्यात मोबाईलला रेंज मिळत नाही. येथे केबलचा एक फायदा फारसा लक्षात घेतला जात नाही. चांगल्या प्रतीची यूएसबी केबल पाच मीटरपर्यंत लांब असू शकते. संगणक जागचा न हलविता मोबाईल खिडकीत ठेवता येतो, आणि दोन-तीन मीटरच्या अंतराने रेंजमध्ये पडणारा फरक सह्याद्रीच्या कुशीतील गावांना कोणी समजावून देण्याची गरज नाही. फक्त खिडकीत थेट ऊन नसावे. टेदरिंगच्या वेळी मोबाईल आधीच तापलेला असतो.

काही ठिकाणी परिस्थिती थोडी निराळी असते. शाळेत किंवा पंचायतीत वाय-फाय चालू असते, पण संगणकात वाय-फाय नसल्याने त्याचा उपयोग होत नाही. अशा वेळी अँड्रॉइड मोबाईल त्या वाय-फायला जोडावा व मग यूएसबी टेदरिंग सुरू करावे. मोबाईल ते वाय-फाय केबलमधून संगणकास देतो. मोबाईलचा स्वतःचा डेटा यात खर्च होत नाही. डोंगलचे काम तो फुकट करतो.

डेटाचा हिशेब

अर्ज भरणे, दाखला काढणे या कामांना डेटा फारसा लागत नाही. दिवसाला दीड जीबीची योजना असेल तर अशी कामे दिवसभर सहज होतात. डेटा संपतो तो न सांगता चालणाऱ्या कामांत. मोबाईलवर असताना विंडोज जी मोठी अद्ययावतीकरणे थोपवून धरते, ती केबलचे नेटवर्क दिसताच उतरवू लागते, कारण संगणकाच्या दृष्टीने ही मोजमाप नसलेली तारेची जोडणी असते. एखादे मोठे अद्ययावतीकरण एकट्यानेच दिवसाचा वाटा संपवू शकते. यावर उपाय सोपा आहे. विंडोज १० व ११ मध्ये त्या नेटवर्कच्या माहितीत ‘मीटर्ड कनेक्शन’ ही कळ असते; ती एकदा सुरू करून ठेवावी. याचा अर्थ अद्ययावतीकरण कधीच करू नये असा नव्हे. ते तार दुरुस्त झाल्यावर करावे. विंडोज १० ची सर्वसाधारण साहाय्य-मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपलेली असल्याने तशा संगणकांबाबत निर्णयही लवकर घ्यावयास हवा.

दिवसाचा वाटा संपला की जोडणी तुटत नाही, वेग घसरतो. अनेक योजनांत तो ६४ केबीपीएसवर येतो. हा आकडा कागदावर निरुपद्रवी वाटतो. हिशेब केला तर तो सेकंदाला आठ किलोबाईट होतो. दोन एमबीचा स्कॅन केलेला कागद चढविण्यास यामुळे चार मिनिटांहून अधिक वेळ लागतो, आणि बऱ्याच संकेतस्थळांवर तेवढ्यात मुदत संपून पुन्हा प्रवेश करावा लागतो. अर्जदार समोर बसलेला असतो आणि तोच कागद तिसऱ्यांदा चढविला जात असतो. म्हणून कागद रंगीत न करता कृष्णधवल व आवश्यक तेवढ्याच स्पष्टतेने स्कॅन करावेत, आणि परीक्षेचे वा शिष्यवृत्तीचे अर्ज शेवटच्या तारखेच्या सायंकाळसाठी ठेवू नयेत.

मोबाईलवर फोन आला तर? ४जी वरच संभाषण होणाऱ्या सिमवर काम चालू राहते. दुसऱ्या सिमवर फोन आल्यास मात्र पुष्कळ मोबाईलवर तेवढा वेळ डेटा थांबतो. अर्ज सादर करण्याच्या क्षणी हे घडू नये एवढी काळजी घेता येते.

मोबाईल कोणाचा

हा प्रश्न तांत्रिक नाही, पण टाळताही येत नाही. आज बहुतेक ठिकाणी टेदरिंग होते ते परिचालकाच्या, ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या वा शिक्षकाच्या स्वतःच्या मोबाईलवरून आणि त्यांच्याच खर्चाने. सार्वजनिक काम खाजगी खिशातून चालते, याचे कौतुक होते. पण ती व्यक्ती बैठकीला तालुक्याला गेली की कार्यालयाचे इंटरनेटही तिच्याबरोबर जाते. शिवाय सिम ज्याच्या नावावर, त्याच्याच नावे त्या जोडणीवरून झालेल्या व्यवहाराचा माग राहतो. कार्यालयाच्या संगणकावर कोणी अन्य व्यक्तीने काही केले तरी विचारणा प्रथम सिमधारकाकडे येणार.

केबल जोडल्यावर मोबाईल जेव्हा विचारतो, तेव्हा ‘फाईल ट्रान्सफर’ निवडू नये. ती निवडल्यास मोबाईलमधील छायाचित्रे व कागद संगणकावर उघडे होतात. टेदरिंगसाठी त्याची मुळीच गरज नसते. ज्या संगणकावर दिवसभर पेनड्राइव्ह लावले जातात, तेथे तर हे विशेष पाळावे. हॉटस्पॉटच वापरावयाचा असेल तर त्याचा संकेतशब्द बदलावा आणि काम झाल्यावर तो बंद करावा.

पंचायतीने किंवा शाळेने कार्यालयाच्या नावे एक सिम घेऊन ते वापरातून गेलेल्या एखाद्या सुस्थितीतील मोबाईलमध्ये घालावे, तो मोबाईल केबलसह टेबलाच्या खणात ठेवावा व रिचार्जचा खर्च मासिक सभेत मंजूर करून कार्यालयीन खर्चात दाखवावा. सिम घेण्यापूर्वी मात्र संगणकाच्या खोलीत, शक्यतो त्याच खिडकीत, गावातील निरनिराळ्या कंपन्यांचे मोबाईल ठेवून कोणाची रेंज चांगली येते हे पाहून घ्यावे. चावडीवर चांगली चालणारी कंपनी कार्यालयाच्या भिंतीआड चालेलच असे नाही. महिन्यातून एकदा, तार चालू असतानाही, हा मोबाईल चार्ज करून जोडून पाहावा. रिचार्जची मुदत संपलेली आहे हे बहुधा त्याच दिवशी समजते.