रोहिणी, नीला आणि अपधमनी

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. तरीही हा विषय घेतला, कारण निपाणीपासून बेळगावपर्यंत घरातले मराठी बोलणारे वडीलधारे माणूस आजारी पडले, की दवाखान्यात दुभाष्याचे काम बहुधा कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींवर येते. तेथे नुसता शब्द पाठ असून भागत नाही. त्याची व्याख्या ठाऊक असावी लागते.

रक्तवाहिन्यांचेच पाहा. शुद्ध रक्ताची ती रोहिणी व अशुद्ध रक्ताची ती नीला, ही व्याख्या मराठी शाळेतून आलेल्या पुष्कळांना पाठ असेल. ती सदोष आहे. हृदयाकडून फुप्फुसांकडे जाणाऱ्या रोहिणीत प्राणवायू कमी असलेले, म्हणजे ‘अशुद्ध’च रक्त असते. खरी व्याख्या दिशेवरून होते. हृदयापासून रक्त दूर नेते ती रोहिणी, हृदयाकडे परत आणते ती नीला. आम्हां वाणिज्यवाल्यांच्या भाषेत जावक आणि आवक!

घोटाळ्याचे मूळ नावांतच आहे. रोहिणी म्हणजे तांबडी, नीला म्हणजे निळी. सुश्रुताच्या शारीरस्थानात ७०० शिरा सांगितल्या आहेत. त्यांपैकी रक्त वाहणाऱ्यांना रोहिणी व पित्त वाहणाऱ्यांना नीला म्हटले आहे. रक्त हृदयातून निघून हृदयाकडेच परत येते, हे इंग्लंडच्या विल्यम हार्वेने १६२८ साली ग्रंथरूपाने मांडले. मराठीने ही नवी कल्पना जुन्या, रंगावरून पडलेल्या नावांत बसवली.

कन्नडमध्ये याच वाहिन्यांना ‘अपधमनी’ व ‘अभिधमनी’ म्हणतात. ‘अप’ म्हणजे दूर, जसे अपहरण. ‘अभि’ म्हणजे कडे, जसे अभिमुख. व्याख्या शब्दातच आली! येथे कन्नड शब्द मला सरस वाटतो. मराठी विभागाच्या संपादकांनी रागावू नये.

मात्र सारखे दिसणारे शब्द फसवतातही. ‘नररोग तज्ञ’ ही कन्नड पाटी वाचून आपला माणूस समजेल, की येथे फक्त पुरुषांना तपासतात. कन्नड ‘नर’ म्हणजे मज्जातंतू. ही झाली गमतीची गोष्ट. ‘गुल्म’ या शब्दाचे तसे नाही. आयुर्वेदात गुल्म म्हणजे पोटातील गोळा. कन्नडमध्ये गुल्म म्हणजे प्लीहा, आपल्या आजीच्या भाषेत पानथरी, डाव्या बरगड्यांखाली असणारी. हिवतापातही ती वाढते. ‘गुल्म वाढले आहे’ हे डॉक्टरांचे कन्नड वाक्य तसेच्या तसे घरी सांगितले, तर पोटात गाठ झाली म्हणून रडारड व्हायची.

उलट दिशेने अडचण ‘काळीज’ या शब्दाची. मटणाच्या दुकानात काळीज म्हणजे यकृत, बोलण्यात मात्र हृदय. आजी ‘काळजात दुखतंय’ म्हणाली, तर डॉक्टरांना लगेच ‘हृदय’ सांगू नये. आधी तिला दुखते तेथे बोट ठेवायला सांगावे. मग छाती असेल तर ‘एदे’, पोट असेल तर ‘होट्टे’ म्हणावे आणि कधीपासून दुखते, जेवल्यावर वाढते की चालल्यावर, हेही विचारून सांगावे.