वाढते वय, हाताचा सराव आणि मेंदू

साक्षरतेच्या वर्गात पासष्ट वर्षांच्या आजीबाई पाटीवर ‘ग’ काढू लागतात, तेव्हा पेन्सिल बोटांत घट्ट आवळली जाते, रेघ थरथरते, आणि शेजारी बसलेली त्यांची सून तेच अक्षर निम्म्या वेळात काढून मोकळी होते. पाहणारा मनाशी म्हणतो, ‘या वयात काय शिकणार?’ हा निष्कर्ष घाईचा आहे. हात मंदावणे आणि शिकण्याची शक्ती संपणे या दोन भिन्न गोष्टी होत, आणि गेल्या काही दशकांतील संशोधनाने त्यांतील भेद बराच स्पष्ट केला आहे.

बोटांच्या बारीक हालचालींचे सूत्रचालन मुख्यतः मेंदूच्या बाहेरच्या थरातील एका अरुंद पट्ट्यातून होते. डावीकडील पट्टा उजवा हात चालवितो, उजवीकडील डावा. मॉन्ट्रियल येथील शल्यविशारद वाइल्डर पेनफील्ड यांनी १९३० नंतरच्या दशकात, शस्त्रक्रियेच्या वेळी जाग्या असलेल्या रुग्णांच्या मेंदूस सौम्य विद्युत्प्रवाहाचा स्पर्श करून या पट्ट्याचा नकाशा सिद्ध केला. त्यात हात व चेहरा यांनी व्यापलेली जागा धडाच्या मानाने कितीतरी मोठी आहे. वय वाढते तसा मज्जातंतूंतून जाणाऱ्या संदेशांचा वेग काहीसा घटतो, स्नायूंना चालविणाऱ्या पेशी कमी होतात व बोटांच्या टोकांची स्पर्शसंवेदना बोथट होते.

असे असता वृद्धाचा मेंदू कमी काम करीत असेल, अशी आपली कल्पना होते. प्रत्यक्षात उलट आढळते. चुंबकीय प्रतिमातंत्राने काम करीत असलेल्या मेंदूतील रक्तपुरवठ्याचे बदल पाहता येऊ लागल्यावर असे दिसून आले की, साधी कळ दाबण्याच्या कामातही वृद्धांच्या मेंदूचे अधिक भाग जागे होतात. तरुणांत जे काम बव्हंशी एका बाजूने भागते, तेथे दुसरी बाजूही सामील होते. काही शास्त्रज्ञ याला भरपाई मानतात, तर काहींच्या मते दोन बाजूंनी परस्परांवर ठेवावयाचा लगाम सैल झाल्याची ही खूण आहे. दोन्ही गोष्टी एकाच मेंदूत घडत असणे मुळीच अशक्य नाही.

सरावाने काय होते? अमेरिकेत आवी कार्नी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तरुण व्यक्तींना अंगठ्याला इतर बोटे ठराविक क्रमाने लावण्याचा सराव रोज दहा ते वीस मिनिटे करावयास दिला. काही आठवड्यांनी त्या क्रमाच्या वेळी जागे होणारे मेंदूतील क्षेत्र विस्तारलेले आढळले; हा प्रयोग १९९५ साली प्रसिद्ध झाला. त्या क्रमात आलेली गती दुसऱ्या, न शिकलेल्या क्रमाच्या उपयोगी पडली नाही, हे मात्र विसरू नये. वृद्धांविषयी वू व हॅलेट यांचा २००५ चा अभ्यास विशेष उद्बोधक आहे. वृद्धांना अशी कृती अंगवळणी पडण्यास तरुणांपेक्षा अधिक सराव लागला, परंतु ती अंगवळणी पडली; आणि त्यानंतरही त्यांचा मेंदू तरुणांपेक्षा अधिक श्रम घेत होता.

कचेरीतील वाचकांस जवळचे वाटेल असे उदाहरण टंकलेखकांचे आहे. टिमोथी सॉल्टहाउस यांनी १९८४ साली १९ ते ७२ वर्षे वयाच्या टंकलेखकांची परीक्षा घेतली. बोट नुसते आपटण्याचा आणि संकेत दिसताच कळ दाबण्याचा वेग वयस्कांत कमी भरला. टंकलेखनाचा वेग मात्र वयाबरोबर घटलेला नव्हता. याचे कारण मोठे मनोज्ञ आहे. वयस्क टंकलेखकांची नजर मजकुरात अधिक पुढे धावत असे, म्हणजे पुढची अक्षरे हाताला आधीच कळून ठेवलेली असत. बोटांची उणीव डोळ्यांनी भरून काढली होती. ज्यांनी मुरलेल्या लिपिकाला काम करताना पाहिले आहे, त्यांना याचे आश्चर्य वाटू नये.

नवभारत साक्षरता कार्यक्रमात १५ वर्षांवरील सर्वांना प्रवेश आहे. तेव्हा वर्ग चालविणाऱ्यांनी या संशोधनातून दोन गोष्टी घ्याव्यात. सही शिकावयाची असेल तर सहीच गिरवावी; रबरी चेंडू दाबून सही सुधारत नाही. सराव थोडा पण रोज असावा. दुसरे असे की, वयस्क व्यक्ती लिहीत असताना तिच्याशी बोलू नये. तिचे अवधान आधीच बोटांवर खर्च होत असते, आणि मध्येच विचारलेल्या प्रश्नाने अक्षर बिघडले तर दोष विचारणाऱ्याचा.

एक इशारा द्यावयास हवा. वयाचा मंदपणा वर्षानुवर्षांनी येतो. हाताची शक्ती एकाएकी जाणे, तोंड वाकडे होणे किंवा जीभ अडखळणे ही वयाची नव्हे, पक्षाघाताची लक्षणे आहेत. अशा रुग्णास घरी तेल चोळीत न बसता तत्काळ रुग्णालयात न्यावे. अक्षर महिन्यामहिन्याने बारीक होत चालले असेल, तर तेही कंपवाताचे चिन्ह असू शकते व वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. वर्गातील जुन्या पाट्या पुसल्या जातात. वह्या मात्र तारीख घालून जपून ठेवल्यास हा फरक डॉक्टरांना दाखविता येतो.