विंडोज अपग्रेड केलं आणि व्हिडिओ चालेना? फॉरमॅट मारण्याआधी हे तपासा



विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे नांदेड-लातूरकडच्या बऱ्याच जणांनी आपले जुने लॅपटॉप विंडोज ११ वर नेले. आता तक्रार अशी येते की, "सर, अपग्रेडनंतर व्हिडिओच चालत नाही. गोल गोल फिरतं, नाहीतर आवाज येतो आणि स्क्रीन काळी राहते."

हे फक्त करमणुकीचं दुखणं नाही बरं का! अर्धापूरला केळीच्या वेफर्सचं युनिट टाकायचंय, तर मशीनचा डेमो तुम्ही व्हिडिओवरच बघणार. कर्ज योजनेचं प्रशिक्षण ऑनलाइन असेल तर तेही याच लॅपटॉपवर. आणि खरा धोका पुढेच आहे. आपण वैतागून लॅपटॉप दुकानात देतो, तिथे "फॉरमॅट मारावं लागेल" असं सांगतात आणि आपण हो म्हणतो. टॅलीचा डेटा, बिलं, कोटेशन, ग्राहकांची यादी, सगळं बऱ्याचदा सी ड्राइव्हमध्येच असतं. बॅकअप नसेल तर एका व्हिडिओपायी वर्षाचा हिशोब जातो.

अपग्रेडनंतरची व्हिडिओची अडचण बहुतेक वेळा फॉरमॅट न करता सुटते. फक्त क्रमाने तपासायचं आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चार गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही.

सगळ्यात आधी

टॅलीच्या डेटाचं फोल्डर, बिलं आणि महत्त्वाची कागदपत्रं पेनड्राइव्हवर कॉपी करा. स्क्रीनवर जो एरर दिसतोय त्याचा मोबाईलने फोटो काढा. मग लॅपटॉप रिस्टार्ट करा. झाकण बंद करून उघडणं म्हणजे रिस्टार्ट नाही, आणि "शट डाउन"ही पुरेसं नसतं. स्टार्टमध्ये जाऊन "रिस्टार्ट"च निवडा.

१. दोष नेटचा की लॅपटॉपचा?

तोच व्हिडिओ त्याच वायफायवर मोबाईलमध्ये लावा. तिथेही अडकत असेल तर दोष नेटचा. मोबाईलवर नीट चालला तर लॅपटॉपमध्ये आधीपासून सेव्ह असलेला एखादा व्हिडिओ लावून बघा. सेव्ह केलेला चालतो पण ऑनलाइन चालत नाही, तर संशय ब्राउझरवर. दोन्ही चालत नाहीत, तर संशय ड्रायव्हरवर. दोन मिनिटांच्या या तपासात निम्मं काम होतं.

हॉटस्पॉटवर काम करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. अपग्रेडनंतर विंडोज मागच्या बाजूला अपडेट आणि ड्रायव्हर उतरवत राहतं. तुमचा रोजचा डेटा त्यातच संपतो आणि व्हिडिओला काही उरत नाही. म्हणून एकदा चांगल्या वायफायवर बसून सगळे अपडेट पूर्ण होऊ द्या. त्यानंतर हॉटस्पॉटच्या प्रॉपर्टीजमध्ये "मीटर्ड कनेक्शन" चालू करा.

२. तारीख आणि वेळ

उजव्या कोपऱ्यातलं घड्याळ बघा. तारीख चुकीची असेल तर ब्राउझर वेबसाइटला असुरक्षित समजतो आणि पान उघडतच नाही. सेटिंग्जमध्ये "सेट टाइम ऑटोमॅटिकली" चालू करा. दरवेळी बंद करून चालू केल्यावर तारीख मागे जात असेल, तर जुन्या लॅपटॉपमधला बटणासारखा छोटा सेल संपला असू शकतो. तो बदलणं हे छोटं काम आहे.

३. ब्राउझर

क्रोममध्ये इनकॉग्निटो विंडो उघडा आणि तिथे व्हिडिओ लावा. तिथे चालला, तर दोष एखाद्या एक्स्टेन्शनचा किंवा साठलेल्या कॅशेचा. एक्स्टेन्शन एकेक करून बंद करा, मग कॅशे साफ करा. हे करताना "पासवर्ड्स"वरची खूण काढायला विसरू नका, नाहीतर सेव्ह केलेले पासवर्डही जातील. नंतर ब्राउझर अपडेट करा आणि तोच व्हिडिओ एजमध्येही लावून बघा.

४. आवाज येतो, चित्र नाही

स्क्रीन काळी किंवा हिरवी पडते, पट्टे येतात. अशा वेळी क्रोमच्या सेटिंग्जमध्ये "सिस्टिम" उघडा, ग्राफिक्स ॲक्सिलरेशनचं बटण बंद करा आणि क्रोम पुन्हा चालू करा. आता चित्र आलं, तर दोषी सापडला: डिस्प्ले ड्रायव्हर.

पण काम इथेच थांबवू नका. हे बटण बंद असताना व्हिडिओचं सगळं ओझं प्रोसेसरवर पडतं. पंखा जोरात फिरतो, बॅटरी लवकर उतरते. ड्रायव्हर नीट केल्यावर हे बटण परत चालू करायचं.

५. डिस्प्ले ड्रायव्हर

स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून "डिव्हाइस मॅनेजर" उघडा, त्यात "डिस्प्ले ॲडाप्टर्स" बघा. तिथे "मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडाप्टर" असं दिसलं, तर अपग्रेडमध्ये तुमच्या ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही. विंडोज कामचलाऊ ड्रायव्हरवर चाललंय.

उपाय दोन. पहिला: सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट, त्यात "ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स", त्यात "ऑप्शनल अपडेट्स". तिथे ड्रायव्हर दिसला तर बसवा. दुसरा: लॅपटॉपच्या खालच्या स्टिकरवरचा मॉडेल किंवा सिरीयल नंबर घेऊन कंपनीच्या अधिकृत वेबसाइटवरून ड्रायव्हर उतरवा.

स्क्रीन मध्येच गोठली तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबा. स्क्रीन क्षणभर मिटते आणि ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. हा तात्पुरता इलाज आहे.

६. "ऑडिओ रेंडरर एरर"

यूट्यूबवर असा संदेश आला तर चित्रापेक्षा आवाजाच्या बाजूला बघा. हेडफोन काढून परत लावा, ब्लूटूथ बंद करा, स्पीकरच्या चिन्हावरून योग्य आउटपुट निवडा आणि रिस्टार्ट करा. तरी आला तर वरच्याच पद्धतीने ऑडिओ ड्रायव्हर तपासा.

७. चालतो, पण अडखळत

यूट्यूबच्या व्हिडिओवर राइट क्लिक करा आणि "स्टॅट्स फॉर नर्ड्स" निवडा. घाबरू नका, दोनच ओळी वाचायच्या. "बफर हेल्थ" शून्याकडे घसरत असेल तर नेट कमी पडतंय. बफर भरपूर आहे पण "ड्रॉप्ड" फ्रेम्सचा आकडा वाढत चाललाय, तर लॅपटॉपला दम लागतोय.

कारण असं, की "कोडेक्स"च्या ओळीत "एव्ही०१" दिसलं तर तो व्हिडिओ एव्ही१ या नव्या पद्धतीने दाबून लहान केलेला आहे. इंटेलच्या ११ व्या पिढीआधीच्या प्रोसेसरमध्ये हा प्रकार उलगडायची वेगळी सोय नाही, मग सगळं काम प्रोसेसर स्वतः करतो. क्वालिटी ४८०पी वर आणा. शिकण्यासाठी तेवढं पुष्कळ झालं.

पैसे भरून घेतलेला कोर्सच तेवढा काळा दिसत असेल, तर स्क्रीन रेकॉर्डर बंद करा, रिमोट ॲप बंद करा, प्रोजेक्टर किंवा टीव्हीची केबल काढून बघा. असे व्हिडिओ कॉपी होऊ नयेत म्हणून संरक्षित असतात.

काहीच जमलं नाही तर

अपग्रेडला १० दिवस झाले नसतील तर सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरीमध्ये "गो बॅक" मिळतं. तुमच्या फाइल्स राहतात, मात्र अपग्रेडनंतर टाकलेली ॲप्स जातात. पण विंडोज १० वर परतलात तर सुरक्षेचे अपडेट आपोआप मिळणार नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षा योजनेत नाव नोंदवावं लागेल. घरगुती वापरासाठी तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे.

तीन गोष्टी अजिबात करू नका

गुगलवर "लॅपटॉप हेल्पलाइन" शोधून दिसेल त्या नंबरला फोन करू नका. समोरचा रिमोट ॲप टाकायला लावतो आणि तुमचं बँक खातं त्याच लॅपटॉपवर उघडलेलं असतं. "हा प्लेयर टाका, मग व्हिडिओ चालेल" असं सांगणारी वेबसाइट लगेच बंद करा. फुकटचे "ड्रायव्हर अपडेटर" टाकू नका. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर तक्रार करा.

दुकानात जावंच लागलं, मग ते नांदेडला वजिराबादेत असो की लातूरला गंजगोलाईजवळ, दोन वाक्यं ठामपणे बोला: "फॉरमॅट करू नका. आधी डिस्प्ले ड्रायव्हर बघा." आणि वर काय काय तपासलं ते कागदावर लिहून सोबत द्या. कारागिराचा वेळ वाचतो, तुमचे पैसे वाचतात आणि समोरच्याला कळतं की गिऱ्हाईक माहिती घेऊन आलंय.

उद्या तुमच्या युनिटमधलं मशीन बंद पडेल तेव्हाही हीच पद्धत लागणार आहे. आधी हिशोब सुरक्षित, मग दोष कुठे ते शोधायचं आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

आजचा गृहपाठ: तुमचा लॅपटॉप ठणठणीत असला तरी आत्ता डिव्हाइस मॅनेजर उघडा, डिस्प्ले ॲडाप्टरचं नाव डायरीत लिहा आणि हिशोबाचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या. व्हिडिओत या सगळ्या पायऱ्या स्क्रीनवर करून दाखवल्या आहेत. शेजारी मोबाईल ठेवून एकेक पायरी सोबत करत चला.