उंबरठा आधी मोज

अगं, काल फोनवर तू म्हणालीस, "मावशी, ओळखीचा मिस्त्री मिळालाय, शनिवारी बाथरूम फोडायला घेतो." शनिवार राहू दे. जावईबापू व्हीलचेअरवर घरी येण्याआधी सगळं तयार असावं, ही तुझी घाई मला कळते. तुझ्या काकांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा मीही अशीच धावत होते. म्हणूनच सांगते, कौन्सिलची लेखी मंजुरी हातात पडेपर्यंत एक फरशीसुद्धा उचकटू नकोस. आधी सुरू केलेल्या कामाला अनुदान मिळत नाही.

अर्ज मेयो काउंटी कौन्सिलकडे करायचा. कचेरी आपल्या कासलबार गावातच, 'द मॉल' नावाच्या रस्त्यावर. आयर्लंडात अपंग व्यक्तीसाठी घरात फेरफार करायला जे अनुदान आहे, त्याची कमाल मर्यादा १ डिसेंबर २०२४ पासून ३० हजारांवरून ४० हजार युरो झाली. घरातल्या सगळ्यांचं कर कापण्याआधीचं वार्षिक उत्पन्न धरतात: ३७,५०० युरोपर्यंत सर्वात जास्त मदत, पुढे ती उतरत जाते आणि ७५ हजारांच्या वर काही नाही. तुझा ओव्हरटाइमही त्यात येतो, तेव्हा बेरीज नीट कर. घर भाड्याचं असेल तर घरमालकाची परवानगी लागते. मिस्त्रीचे कर भरलेले हवेत, दरपत्रक लेखी हवं. पैसे साधारणपणे काम पुरं झाल्यावर सुटतात, तेव्हा मिस्त्रीशी ते आधीच बोलून घे. रॅम्प, लिफ्ट अशा वस्तूंवरचा व्हॅट महसूल खात्याकडून वेगळा परत मागता येतो, चार वर्षांच्या आत. पावत्या एका पिशवीत ठेव.

ऑक्युपेशनल थेरपिस्टचा अहवाल मागतील. ती बाई घरी येईल तेव्हा घर आवरून, खुर्च्या भिंतीला लावून ठेवू नकोस. रोज जसं असतं तसं दाखव. जावईबापूंना खुर्चीत बसवून घरभर फिरव. खुर्चीचं माप घेताना चाकांवर हात ठेवून घे, नाहीतर दारात बोटांची सालं निघतात. वळायला दीड मीटरचं मोकळं वर्तुळ लागतं.

आता बाथरूम. आमच्या पहिल्या मिस्त्रीने शॉवरखाली दोन इंच काठाचा ट्रे बसवला. दोनच इंच! काकांची चाकाची खुर्ची रोज त्याच काठाला अडायची, मी मागून गुडघा लावून ढकलायची, आणि ते मान खाली घालून बसायचे. तो काढून जाळीकडे उतरती सपाट जमीन करायला दुसऱ्यांदा पैसे गेले. तू पहिल्यांदाच काठाविना करून घे. इथल्या आतल्या भिंती ठोकून बघ, पोकळ वाजतात. नुसत्या प्लास्टरबोर्डात बसवलेला आधाराचा दांडा माणसाच्या वजनाने उपटून येतो. टाइल लावण्याआधी आत जाड प्लायवूड बसवून घे आणि त्याचा फोटो काढून ठेव, पुढे दुसरा दांडा लावताना उपयोगी पडेल.

पुढच्या दाराचा उंबरठा आपण पुजतो, पण चाकाला तो जमिनीबरोबरच हवा. २००१ पासूनच्या नव्या घरांना पायरीविना प्रवेश आणि तळमजल्यावर संडास असावा असा इथला नियम आहे, तुमचं घर त्याआधीचं. रॅम्पला बारा फूट लांबीला एक फुटापेक्षा जास्त चढ नको, आणि पृष्ठभाग खरखरीत घे. मेयोच्या पावसात गुळगुळीत लाकडावर शेवाळ धरतं.

आणि अर्ज करताना लाज वाटू देऊ नकोस. जावईबापू आणि तू इथे कर भरता. याच मॉलवरच्या इम्पीरियल हॉटेलात १८७९ साली मायकेल डेव्हिटने लँड लीग ही कुळांची संघटना उभी केली, कुळांना त्यांच्या घराबाहेर काढू नये म्हणून. घरात मानाने राहता यावं ही मागणी या गावाला नवी नाही.

सोमवारी सकाळी कचेरीत जाऊन फॉर्म आण. मोजपट्टी घेऊन मी संध्याकाळी येते.