आधी नातं कागदावर, मग पासपोर्ट

नात्यातलं मूल कायमचं परदेशी जाणार असं ठरलं की घरात पहिला विषय निघतो तो पासपोर्टचा. आमच्याकडेही तसंच झालं. पण अशा मुलाच्या बाबतीत पासपोर्ट अगदी शेवटी येतो. त्याआधी ते मूल कायद्याने कोणाचं, हे ठरावं लागतं. ज्या घरांत हा क्रम उलटा होतो, तिथे पैसा तर जातोच, पण त्याहून वाईट म्हणजे मुलाचं वय निघून जातं.

माझी भाची लाखनी तालुक्यातल्या आमच्या गावी माझ्या आईजवळ वाढत होती. तिचे वडील ती अगदी लहान असताना गेले, पुढे माझी धाकटी बहीणही आजारपणात गेली. आईचं वय झालेलं. मी भंडाऱ्याला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते; सुट्टीत पोरीला घेऊन येई, पण तिचं सगळं आयुष्य उभं करणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. अमेरिकेत स्थायिक झालेल्या माझ्या भावाने आणि त्याच्या बायकोने तिला आपली लेक करून घ्यायचं ठरवलं. माझ्या आईचा प्रश्न साधा होता : "माही नात माह्याच पोराकडं चालली, त सरकारले काऊन विचारा लागते?"

हाच प्रश्न गावोगावच्या आजी-आजोबांच्या मनात असतो, आणि त्याचाच फायदा घेणारी माणसं तहसीलच्या आवारात भेटतात. आम्हाला भेटलेल्या एका गृहस्थाने सांगितलं : स्टॅम्प पेपरवर दत्तकपत्र करा, नोटरीचा शिक्का घ्या, पोरीचा पासपोर्ट काढा, टुरिस्ट व्हिसावर पाठवा, पुढचं तुमचा भाऊ तिकडे पाहून घेईल. दत्तकपत्र टाइप झालं, आईने सहीच्या जागी अंगठा उठवला, पैसेही दिले गेले.

त्या कागदाला इथे काडीची किंमत नव्हती आणि तिकडे तो अडचणीचा ठरणार होता. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा १९५६ चा आहे. त्यानुसार आईवडील दोघेही हयात नसतील तर पालक मूल दत्तक देऊ शकतो, पण न्यायालयाची पूर्वपरवानगी घेऊनच. आजीच्या अंगठ्याने ते होत नाही. शिवाय घरात आधीच मुलगी असेल तर या कायद्याने दुसरी मुलगी दत्तक घेता येत नाही, आणि भावाला एक मुलगी आहेच. दुसरीकडे अमेरिकेचा नियम असा की, देशांमधल्या दत्तकासाठीच्या हेग करारातल्या देशातून मूल आणायचं असेल तर त्यांच्या आय-८०० या अर्जाला प्राथमिक मंजुरी मिळण्याआधी दत्तकविधान किंवा ताबा पूर्ण झालेला नसावा. तो झालेला असेल तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो. भावाने ज्या अमेरिकी संस्थेकडे नाव नोंदवलं होतं तिने पहिल्याच बोलण्यात विचारलं, आधी काही दत्तकपत्र केलंय का? त्या कागदाचा खुलासा पुढे प्रत्येक टप्प्यावर लेखी द्यावा लागला.

टुरिस्ट व्हिसाचा सल्ला तर सरळ धोक्याचा आहे. तो व्हिसा परत येणाऱ्यासाठी असतो. मूल तिथे राहायलाच चाललं आहे हे माहीत असताना पाहुणा म्हणून नेणं म्हणजे त्याच्या नव्या आयुष्याची सुरुवात खोट्या माहितीने करणं.

मग खरी वाट कोणती? परदेशातल्या नातेवाइकाने मूल दत्तक घ्यायचं तर बाल न्याय अधिनियम, २०१५ लागू होतो. या कायद्यात नातेवाईक म्हणजे कोण, हे ठरलेलं आहे : काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा. चुलत-मावस नात्यांना हे दार नाही. दिल्लीची 'कारा' म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण ही यातली सर्वोच्च यंत्रणा, आणि तिचा जिल्ह्यातला हात म्हणजे जिल्हा बाल संरक्षण कक्ष. तिकडे परदेशातली अधिकृत संस्था दांपत्याच्या घराची पाहणी करून अहवाल देते, इकडे बाल संरक्षण कक्ष मुलाच्या कुटुंबाचा अहवाल तयार करतो. आईवडील नसतील तर पालकाला मूल दत्तक द्यायला बालकल्याण समितीची परवानगी लागते. त्यानंतर काराचं ना-हरकत प्रमाणपत्र आणि दत्तकाचा आदेश. हा आदेश पूर्वी न्यायालय देई. १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने तो अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे कलेक्टरांकडे आला, आणि अर्ज दाखल झाल्यापासून दोन महिन्यांत निकाल व्हावा असं कायदा म्हणतो. आदेशानंतर कारा एक अनुरूपता प्रमाणपत्र देते. १९९३ च्या हेग दत्तक कराराच्या २३ व्या कलमाखालचा हा कागद. भारताने तो करार २००३ मध्ये स्वीकारला. याच एका कागदाच्या आधारे भंडाऱ्यात झालेलं दत्तक दुसऱ्या करार-देशात मान्य होतं.

कोणी सुचवेल की एवढा खटाटोप कशाला, १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली पालकत्व घ्या. पालकत्वाने मूल तुमच्या देखरेखीखाली येतं, तुमचं होत नाही. अमेरिकेच्या या वाटेवर त्याचा उपयोग नाही. आणखी एक. आय-८०० चा अर्ज अमेरिकेचा नागरिकच करू शकतो, आणि तो मुलाला सोळा वर्षं पूर्ण होण्याआधी दाखल व्हावा लागतो. नातेवाईक एच-१बी किंवा ग्रीन कार्डावर असेल तर ही वाट बंद आहे. म्हणून मामा-काकांना पहिला प्रश्न विचारावा तो त्यांच्या स्वतःच्या नागरिकत्वाचा.

आमचा सगळ्यात जास्त वेळ मात्र यातल्या कशानेच खाल्ला नाही. तो खाल्ला माझ्या बहिणीच्या नावाने.

पहिलं बाळंतपण माहेरी, या आपल्या रीतीप्रमाणे भाची भंडाऱ्याच्या दवाखान्यात जन्मली. जन्माची नोंद मूल जिथे जन्मलं तिथे होते, आईवडील राहतात तिथे नाही. आम्ही तिच्या वडिलांच्या गावच्या ग्रामपंचायतीत रजिस्टरं चाळत बसलो होतो आणि नोंद होती शहरात. ती सापडली तेव्हा त्यात आईच्या रकान्यात बहिणीचं माहेरचं नाव, माझ्या वडिलांच्या नावासकट. दवाखान्यात ज्याने नाव सांगितलं त्याच्या तोंडी ते बसलेलं होतं. लग्नात सासरच्यांनी तिचं नाव बदललं होतं, त्यामुळे आधार कार्डावर दुसरंच नाव. मृत्यू दाखल्यात सासरचं नाव, पण स्पेलिंग निराळं. एकच बाई तीन कागदांवर तीन बायका होऊन बसली होती. नकाशात गाव दाखवावं तसं बोट ठेवून आम्ही सांगत होतो की ही तीच, आणि समोरचा कर्मचारी विचारत होता, पुरावा काय? विवाहनोंदणी असती तर एका कागदात भागलं असतं. ती केलेली नव्हती, आणि नवरा-बायको दोघंही नसताना आता होणार नव्हती. शेवटी तिचा शाळा सोडल्याचा दाखला, रेशन कार्ड, जपून ठेवलेली लग्नपत्रिका आणि तिला दोन्ही नावांनी ओळखणाऱ्या दोन जबाबदार व्यक्तींची निवेदनं जोडून दुरुस्ती झाली. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ च्या कलम १५ मध्ये अशा दुरुस्तीची सोय आहे. पण पुरावे आपल्यालाच उभे करावे लागतात.

ज्यांच्या घरात लहान मूल आहे त्यांनी, परदेशाचा विचार असो वा नसो, आज जन्मदाखला काढून आईचं नाव आधारशी ताडून पाहावं. आईवडील हयात आहेत तोवर हे काम सोपं आहे. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो, हेही ध्यानात असू द्या. जन्माची नोंद राहूनच गेली असेल आणि वर्ष उलटलं असेल तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, आणि २०२५ पासून महाराष्ट्रात या उशिराच्या नोंदींची तपासणी बरीच कडक झाली आहे.

मुलाच्या स्वतःच्या नावाचा प्रश्न वेगळा, आणि तो कागदापेक्षा मनाचा आहे. आपल्याकडे मुलाच्या नावात बापाचं नाव असतं. दत्तक झालं की ते जाणार, या विचाराने भाचीचे काका दुखावले होते; त्यांच्या गेलेल्या भावाची तेवढीच खूण उरली होती. या दुखण्याला हट्ट म्हणणं अन्याय आहे. आम्ही सगळे एकत्र बसलो आणि ठरलं की मुलीच्या नावात मधलं नाव तिच्या जन्मदात्या वडिलांचंच राहील, आडनाव मामाचं लागेल. हे अर्ज करण्याआधीच ठरलं हे फार बरं झालं. आदेशात जे नाव येईल तेच नव्या जन्मदाखल्यात, पासपोर्टवर आणि व्हिसावर अक्षरन् अक्षर तसंच यावं लागतं.

काकांच्या मनात दुसरी गोष्ट होती ती शेताची. वडिलांच्या वाट्याची धानाची जमीन, पोरगी दत्तक गेली की तिचं काय? कायदा इथे स्पष्ट आहे : दत्तकाच्या आदेशाआधी मुलाकडे आलेली मालमत्ता मुलाकडेच राहते. म्हणून दत्तकाच्या अर्जाआधी वारसाची नोंद करून सातबारावर मुलाचं नाव अज्ञान म्हणून, पालनकर्त्यासह चढवून घ्यावं. अज्ञानाची जमीन न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. पुढे मूल परदेशी नागरिक झालं तरी वारशाने आलेली शेती त्याची राहते. ओसीआय कार्डधारकाला (हे कार्ड भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं) नवी शेतजमीन विकत घेता येत नाही, एवढंच. हे काकांना कागद दाखवून समजावल्यावर दोन्ही घरांतला ताण निवळला. मोकळेपणाने बोललं नाही तर अशा जागी आक्षेपाचा अर्ज येतो आणि प्रकरण लांबतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मूल पाच वर्षांचं किंवा मोठं असेल तर त्याची स्वतःची संमती लागते. बाल संरक्षण कक्षातल्या समाजसेविका ताईंनी भाचीला शेजारी बसवून घेतलं. आधी शाळेचं विचारलं, मैत्रिणींचं विचारलं. मग म्हणाल्या, "मामाकडे जायचंय ना? किती दिवस राहशील?" ती लगेच म्हणाली, "दिवाळीपर्यंत." ताईंनी पेन खाली ठेवलं आणि आम्हाला सांगितलं की आज पुढे जायचं नाही, आधी हिच्याशी बोला. अर्ज, अहवाल, शपथपत्रं सगळं हिच्यासाठी चाललं होतं आणि खरं काय ते हिला कोणी नीट सांगितलंच नव्हतं. त्यानंतर मामा-मामी रोज तिच्याशी फोनवर बोलू लागले, घर दाखवू लागले, बहीण होणारी मुलगी तिला मोडक्या मराठीत प्रश्न विचारू लागली. पुढल्या वेळी तिने स्वतःच सांगितलं की मला कायमचं जायचंय, पण दर वर्षी आजीला भेटायला यायचंय. ताईंनी ते तसंच लिहून घेतलं. त्या बाईंविषयी मला मनापासून आदर वाटतो.

इथवर आल्यावर पासपोर्ट अवघड राहत नाही. दत्तकाचा आदेश, अनुरूपता प्रमाणपत्र आणि नवा जन्मदाखला घेऊन नागपूरला गेलो. लहान मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचा असतो. आधीच जुन्या नावाने काढला असता तर तो आता बदलावा लागला असता. व्हिसाची मुलाखत दिल्लीच्या दूतावासात झाली. वैद्यकीय तपासणीत लसीकरणाचं कार्ड मागतात. अंगणवाडीत मिळालेलं ते मळकं कार्ड आईने डब्यात ठेवलं होतं म्हणून बचावलो.

व्हिसा मिळाला की लोक हुश्श करतात. नागरिकत्व मात्र त्यापुढे आहे. अमेरिकेच्या २००० सालच्या बाल नागरिकत्व कायद्याने, आयएच-३ व्हिसावर, म्हणजे करार-देशात दत्तक पूर्ण होऊन आलेलं, अठरा वर्षांखालचं मूल नागरिक पालकांकडे राहायला लागलं की आपोआप नागरिक होतं. पण हा कायदा २७ फेब्रुवारी २००१ ला लागू झाला आणि त्या दिवशी अठरा पूर्ण केलेल्यांना त्याचा लाभ नाही. १९८९ मध्ये मुंबईतून अमेरिकेत दत्तक गेलेल्या एका मुलीच्या नागरिकत्वाचे कागद तिथल्या पालकांनी कधी पूर्णच केले नाहीत. मोठी झाल्यावर एका गुन्ह्यात शिक्षा झाली तेव्हा हे उघडकीला आलं, आणि २००८ मध्ये नवरा आणि मुलं तिकडे ठेवून तिला एकटीला मुंबईला पाठवण्यात आलं. तिला इथली भाषाही येत नव्हती. तिने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली होती. एका राहून गेलेल्या अर्जाने एवढं होतं.

म्हणून मूल विमानात बसलं तरी पाठपुरावा सोडू नये. नागरिकत्वाचं प्रमाणपत्र हातात आलं का, हे विचारत राहावं आणि त्याची प्रत आपल्याकडेही ठेवावी. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे त्यानंतर भारतीय पासपोर्ट वापरायचा नाही. तो भारतीय वाणिज्य दूतावासात जमा करून ओसीआय कार्ड घ्यावं, म्हणजे आजीला भेटायला येताना दर वेळी व्हिसा लागत नाही. दोन वर्षं मुलाच्या प्रगतीचे अहवाल काराकडे जात असतात. तेही वेळेवर जातात ना, हे पाहावं.

तुमच्या घरातलं कोणी या वाटेवर असेल तर माझी हात जोडून विनंती आहे : कोणाला आगाऊ रक्कम देण्याआधी, कोणत्याही स्टॅम्प पेपरवर सही करण्याआधी, आईवडिलांचे दाखले आणि मुलाचा जन्मदाखला घेऊन आपल्या जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात जा. आणि जाताना मुलाला सगळं खरं सांगून न्या.