फोर्कलिफ्ट, कामावरची इजा आणि आपला हक्क

माझे काम सॉफ्टवेअरचे. पण ते गोदामातल्या मालाची नोंद ठेवणारे असल्याने न्यू जर्सीतल्या वेअरहाऊसेसमध्ये वरचेवर जाणे होते. तिथे आपली माणसेही भेटतात. कुणाचा मुलगा सुट्टीत काम करतो, कुणाचे मेहुणे भारतातून येऊन शिपिंगला लागलेले. त्यांच्या घरच्यांनी हे जरूर वाचावे.

फोर्कलिफ्ट म्हणजे छोटी मोटार नव्हे. ती मागच्या चाकांनी वळते, त्यामुळे वळताना तिचा मागचा भाग बाहेर फेकला जातो आणि जवळ उभा असलेला माणूस गाडी व रॅक यांच्यामध्ये सापडतो. माल उंच धरून वळण घेतले की गुरुत्वमध्य वर सरकतो व गाडी कलंडते. अशा वेळी बसून चालवायच्या फोर्कलिफ्टमधून उडी मारू नये. उडी मारणारा बहुधा डोक्यावरच्या पोलादी चौकटीखाली येतो. पट्टा बांधलेला असावा, स्टिअरिंग घट्ट धरून, पाय रोवून पडण्याच्या उलट बाजूला झुकावे.

कामगार-सुरक्षेचे फेडरल खाते 'ओशा' याच्या नियमानुसार मालकाने शिकवून, प्रत्यक्ष चाचणी घेतल्याशिवाय ही गाडी कुणाच्या हाती देता येत नाही. मोटारीचे लायसन्स पुरत नाही. १८ वर्षांखालील मुलांना तर गोदामात ती चालवायला बंदीच आहे.

आता पैशाचे. न्यू जर्सीत वर्कर्स कॉम्पेन्सेशनमध्ये सहसा चूक कुणाची हे पाहत नाहीत. उपचारांचा खर्च मालकाचा विमा देतो. सात दिवसांहून अधिक काम बुडाले तर आठवड्याच्या पगाराच्या ७० टक्के, राज्याने ठरवलेल्या मर्यादेत, आणि त्यावर फेडरल इन्कम टॅक्स नाही. डॉक्टर मात्र मालक किंवा विमा कंपनी ठरवते.

घोडे अडते ते भिडेपोटी. मालक ओळखीतला, त्यानेच नोकरी दिलेली. मग इमर्जन्सीत 'घरी जिन्यावरून पडलो' असे सांगितले जाते. ते हॉस्पिटलच्या कागदावर चढते आणि पुढे विमा कंपनी तोच कागद दाखवते. शिवाय आपला हेल्थ इन्शुरन्स कामावरच्या इजेला सहसा पैसे देत नाही. हा विमा मालकाने कायद्याने घ्यायचाच असतो, त्यात उपकार नाहीत. पगार रोखीने मिळतो म्हणून हक्क जात नाही. क्लेम केला म्हणून कामावरून काढणेही बेकायदेशीर आहे. इजेची खबर त्याच दिवशी लेखी द्यावी, प्रत जवळ ठेवावी.

इतर राज्यांत नियम वेगळे आहेत. टेक्सासमध्ये तर खासगी मालकावर या विम्याची सक्तीच नाही. तिथे नोकरी धरण्यापूर्वीच विचारून घ्यावे.